दूध-तुपावांचून आहार : स्निग्धांश कोठून घ्यावा?

शाकाहार आमच्या लोकांस नवा नाहीं. परंतु मांस-मासळीबरोबर दूध, दहीं, ताक, लोणी व तूप हींही वर्ज्य करणारा जो आहार हल्लीं शहरांतून पाळला जात आहे, तो मात्र आमच्या परंपरेंतील नव्हे. इंग्लंडांत १९४४ सालीं डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनीं अशा आहाराच्या प्रसारार्थ एक संस्था काढली व त्या आहारास 'व्हीगन' हें नांव दिलें. तोच शब्द आतां आमच्याकडील दुकानांत व डब्यांवर दिसूं लागला आहे. या व्रताच्या इष्टानिष्टतेची चर्चा आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या दारीं गाय किंवा म्हैस आहे, व दूध घ्यावें कीं न घ्यावें हें ज्याचें त्यानें ठरवावें.

परंतु दूध सुटलें म्हणजे तूप सुटतें, आणि तुपाची जागा एखाद्या तेलबीनें तरी भरावी लागते किंवा कारखान्यांतील मालानें तरी. तेलबिया पिकविणारे आपण. म्हणून हा प्रश्न आपल्या शिवारापर्यंत येऊन पोंचतो. शिवाय दूध डेअरीस घालून घरांत तुपाऐवजीं डबा आणणारीं शेतकरी कुटुंबें आज थोडीं नाहींत. त्यांनीं कोणतेंही व्रत घेतलेलें नाहीं, तरी प्रश्न त्यांच्यापुढेंही तोच आहे. या विषयांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, ती अशी कीं, एखादा पदार्थ 'वनस्पतिजन्य' आहे एवढ्यावरून तो तुपाचा किंवा दुधाचा खरा बदल ठरत नाहीं. मूळ बियांतील काय राहिलें, काय गेलें व नवें काय आलें, हें पाहून निवड करावयास पाहिजे. तीच दृष्टि ठेवून आम्ही पुढील विवेचन करीत आहों.

स्निग्धांशाचें काम व प्रमाण

पिष्टाच्या अथवा प्रथिनाच्या एका ग्रॅमापासून शरीरास सुमारें ४ उष्मांक मिळतात, तर तेलाच्या किंवा तुपाच्या एका ग्रॅमापासून ९. परंतु उष्णता देणें एवढेंच स्निग्धांशाचें काम नाहीं. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें त्याच्या साहाय्यानेंच शरीरांत शोषलीं जातात. शेवग्याचा पाला, गाजर व तांबडा भोपळा यांतील पिवळ्या-तांबूस द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतें; तेंही सोबत थोडें तेल असल्यासच चांगलें लागू पडतें. म्हणून पालेभाजीस फोडणी देण्याची आमच्या गृहिणींची रीत केवळ चवीपुरती नव्हे. याखेरीज लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक हीं दोन स्निग्धाम्लें अशीं आहेत कीं, तीं शरीरास स्वतः बनवितां येत नाहींत. तीं अन्नांतूनच मिळालीं पाहिजेत.

प्रमाणाविषयीं जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे कीं, प्रौढ मनुष्याच्या एकूण उष्मांकांपैकीं शेंकडा ३० पर्यंतच स्निग्धांशापासून यावे. संपृक्त स्निग्धांशापासून शेंकडा १० हून अधिक नसावे व 'ट्रान्स' जातीच्या स्निग्धांशापासून शेंकडा १ हून अधिक नसावे. दिवसास २००० उष्मांक घेणाऱ्या मनुष्यापुरता हिशेब केला, तर एकूण स्निग्धांश सुमारें ६६ ग्रॅम, त्यांत संपृक्त २२ ग्रॅमांच्या आंत व ट्रान्स दोन ग्रॅमांच्या आसपास, एवढी मर्यादा पडते. यांत बुधलींतून ओतलेलें तेल जसें येतें, तसेंच शेंगदाणे, तीळ व खोबरें यांच्या पोटांतलें तेलही येतें, हें विसरूं नये.

संपृक्त स्निग्धांश म्हणजे स्थूलमानानें थंडींत थिजणारा भाग होय. तुपांत तो शेंकडा साठाच्या वर असतो. खोबरेलांत तो शेंकडा नव्वदच्या घरांत जातो. तेव्हां तुपांतील संपृक्त भागाच्या भीतीनें तूप सोडून खोबरेलाचे पदार्थ खाणारा मनुष्य, त्या एका बाबतींत तरी, आगींतून फुफाट्यांत पडतो. पामतेलांत तो जवळजवळ निम्मा, भुईमुगाच्या तेलांत पांचव्या हिश्शाच्या आंत, तिळेलांत सातव्या हिश्शाच्या आसपास व करडईच्या तेलांत दहाव्या हिश्शाच्या सुमारास असतो.

तुपाच्या बदलांचा इतिहास

लोण्याचा पहिला कारखानी बदल फ्रान्स देशांत १८६९ सालीं मेज-मूर्ये या रसायनज्ञानें केला. तो वनस्पतिजन्य मुळींच नव्हता; गुरांच्या चरबीचा मऊ भाग दुधाबरोबर घुसळून तो बनविलेला होता. वनस्पतींच्या तेलास तुपासारखें घट्ट करण्याची युक्ति पुढें निघाली. निकेल धातूच्या साहाय्यानें हायड्रोजन वायूचा संयोग घडविण्याची रीत फ्रान्समधील साबात्ये यांनीं शोधली होती. तिचा उपयोग पातळ तेलावर करण्याचें पेटंट जर्मनींत विल्हेल्म नॉर्मन यांनीं १९०२ सालीं घेतलें. तापलेल्या तेलांत निकेलची पूड घालून दाबाखालीं हा वायु सोडला असतां तेल घट्ट होतें, फार दिवस टिकतें व त्यास मूळचा वास राहत नाहीं. अमेरिकेंत १९११ सालीं सरकीच्या तेलाचें असें 'तूप' क्रिस्को या नांवानें विक्रीस आलें. आमच्या देशांत हिंदुस्थान वनस्पति कंपनीनें १९३७ सालीं 'डालडा' बाजारांत आणला, आणि पुढें 'डालडा' हा शब्द सर्वच वनस्पति तुपास लावला जाऊं लागला.

त्या काळीं वनस्पति तुपाचा कच्चा माल मुख्यतः भुईमुगाचें तेल हाच असे. म्हणजे शेतकऱ्याच्याच शेंगा रूप पालटून त्याच्या घरीं परत येत होत्या. खऱ्या तुपांत त्याची भेसळ होऊं लागल्यामुळें ओरड झाली. तेव्हां वनस्पतींत शेंकडा ५ तिळाचें तेल घातलेंच पाहिजे, असा नियम झाला. कारण तिळाच्या तेलास फुरफुराल व हायड्रोक्लोरिक अम्ल लावलें असतां गुलाबी-तांबडा रंग येतो. हीच बोदुआँची कसोटी. तुपांत हा रंग उमटला कीं भेसळ उघडकीस येई.

परंतु मोठा दोष भेसळीचा नसून घट्ट करण्याच्या क्रियेंतच होता, व तो पुष्कळ वर्षांनीं कळला. तेल पूर्णपणें घट्ट न करतां अर्धवट घट्ट केलें, म्हणजे त्यांतील कांहीं स्निग्धाम्लांची रचना वांकडीची सरळ होऊन बसते. हींच ट्रान्स स्निग्धाम्लें होत. १९९० सालीं नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान या संशोधकांनीं मनुष्यांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, तीं रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात व उपकारक कोलेस्टेरॉल कमी करतात. संपृक्त स्निग्धांश यांतील पहिलाच दोष करतो. ट्रान्स दोन्ही करतें. डेन्मार्कनें २००३ सालीं त्यावर शेंकडा २ ची मर्यादा घातली. आमच्या देशांत अन्नसुरक्षा प्राधिकरणानें तेलें व वनस्पति यांकरितां ती मर्यादा जानेवारी २०२१ पासून शेंकडा ३ व जानेवारी २०२२ पासून शेंकडा २ अशी केली.

ही सुधारणा खरी आहे. मात्र ती झाल्यावर कारखान्यांनीं घट्टपणा आणण्यासाठीं पामतेलाचा थिजणारा भाग व तेलांतील स्निग्धाम्लांची अदलाबदल करण्याची निराळी रीत, यांचा आश्रय अधिक केला. ट्रान्स गेलें, पण त्याच्या जागीं संपृक्त भाग आला. नियम पाळून केलेला आजचा डबा जुन्या डब्याहून निःसंशय बरा. तरी तो तेलबियांच्या तेलाची बरोबरी करतो असें आम्हांस म्हणतां येत नाहीं.

नवे बदल

दूध वर्ज्य करणारांसाठीं आतां वनस्पतिजन्य लोणी, चीज, साय व नाना तऱ्हेचीं पेयें निघालीं आहेत. या 'लोण्या'ची कृति पाहिली तर तींत शुद्ध केलेलें पाम, खोबरेल किंवा सूर्यफुलाचें तेल, पाणी, तीं एकजीव राहण्यासाठीं सोयाबीनचें लेसिथिन, मीठ, रंग व वास एवढेंच असतें. पोळीवर लावण्याच्या कामीं तें लोण्याचें काम करतें, व बेतानें खाण्यास हरकत नाहीं. चीजची गोष्ट निराळी. दुधाच्या पनीरांत शंभर ग्रॅमांस सुमारें १८ ग्रॅम प्रथिन असतें. उलट खोबरेल व पिष्ट मिळून केलेल्या चीजमध्यें प्रथिन नांवालाच असतें. आकार व चव चीजची. गुण तेलाचा व खळीचा. ज्यास पनीराची जागा भरावयाची आहे त्यानें सोयाबीनच्या दुधाचें टोफू घ्यावें. त्यांत प्रथिन खरोखरच असतें.

डब्यावरील मजकूर वाचण्याची संवय करावी. 'कोलेस्टेरॉलविरहित' हे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. परंतु वनस्पतीच्या कोणत्याही तेलांत तें नाममात्रच असतें, तेव्हां यांत विशेष तें काय? घाण्याच्या तेलावरही तेंच लिहितां येईल. २०२२ सालीं सरकारनें व्हीगन पदार्थांचे नियम केले व त्यांसाठीं एक खूणही ठरविली. पदार्थांत प्राणिज कांहीं नाहीं, एवढीच हमी त्या खुणेनें मिळते. तो पथ्यकर आहे अशी नव्हे. खरी माहिती डब्याच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत असते. तेथें संपृक्त स्निग्धांश किती, ट्रान्स किती, प्रथिन किती व साखर किती, हे चार आंकडे पाहावे आणि मग किंमत पाहावी.

बी आणि तेल

येथें आम्ही मुख्य मुद्द्यावर येतों. तेल हा बियांचा एक भाग आहे, आणि कारखानी लोणी हा त्या भागाचाही एक भाग आहे. तीळ घाण्यांत घातले म्हणजे तेल बाहेर येतें. चुना, लोह व प्रथिन पेंडींत राहतात आणि ती पेंड गुरांपुढें जाते. न सडलेल्या तिळांच्या शंभर ग्रॅमांत चुन्याचा अंश एक हजार मिलिग्रॅमांच्या आसपास असतो. तो सगळाच अंगीं लागतो असें नाहीं, तरी तिळाच्या तेलांत तो मुळींच नसतो. ज्यानें दूध सोडलें त्याचा चुन्याचा मोठा सांठा गेला. त्यानें तिळाचें तेल खाऊन ती उणीव भरणार नाहीं, तीळच खाल्ले पाहिजेत. भुईमुगाच्या दाण्यांत चौथा हिस्सा प्रथिन असतें. तेलांत तें नाहीं. म्हणून भाजींत घातलेलें दाण्याचें कूट, तिळकूट व कारळ्याची चटणी हे पदार्थ गरिबीचे न मानतां तुपाचे व काहीं अंशीं दुधाचेही पहिले वारसदार मानले पाहिजेत.

या बियांत जवसाचें स्थान निराळें आहे. वर ज्या दोन आवश्यक स्निग्धाम्लांचा उल्लेख केला, त्यांपैकीं लिनोलेइक हें करडई, कारळें, सूर्यफूल व तीळ यांत भरपूर असतें. सामान्य करडईच्या तेलांत तर तें शेंकडा ७५ च्या सुमारास असतें. परंतु अल्फा-लिनोलेनिक त्यांत नसल्यासारखेंच. भुईमुगाचीही तीच स्थिति. जवसाच्या तेलांत मात्र तें निम्म्याहून अधिक भरतें. दहा ग्रॅम जवसांत सुमारें दोन ग्रॅम मिळतें, आणि प्रौढ मनुष्याची रोजची गरज त्यांत भागते. ज्या घरांत केवळ करडईचें किंवा सूर्यफुलाचें तेल वापरतात, त्या घरास जवसाची विशेष जरूर. कारण हीं दोन्ही स्निग्धाम्लें शरीरांत एकाच वाटेनें जातात, व एकाची गर्दी झाली तर दुसऱ्यास वाट मिळत नाहीं.

जवस अख्खे गिळल्यास बरेचसे तसेच बाहेर पडतात. म्हणून ते हलके भाजून कुटावे. भाजल्यानें त्यांतील थोडासा विषारी अंशही कमी होतो. कुटलेली पूड आठवड्याची आठवड्यास करावी व झांकून ठेवावी. जें तेल हवेनें लवकर वाळतें म्हणून रंगारी पसंत करतात, तेंच स्वयंपाकघरांत लवकर खवट होतें. तळणास जवसाचें तेल घेऊं नये.

तेलबी जें देऊं शकत नाहीं तें

येथें स्पष्ट बोलणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. ब-१२ हें जीवनसत्त्व कोणत्याही तेलबींत, धान्यांत किंवा भाजींत भरंवशाच्या प्रमाणांत मिळत नाहीं. दूध घेणाऱ्या शाकाहारी मनुष्यास तें दुधापासून थोडेंफार मिळतें. दूध सोडणारास गोळीनें अथवा तें मुद्दाम घातलेल्या पदार्थांनींच घ्यावें लागतें. त्याच्या अभावीं रक्त कमी होतें व मज्जातंतूंस इजा पोंचते, आणि ती कित्येकदां कायमची असते. हें जीवनसत्त्व १९४८ सालीं प्रथम शुद्ध स्वरूपांत हातीं आलें.

महात्मा गांधींनीं दुधाचा त्याग १९१२ सालीं केला. १९१८ मध्यें खेडा जिल्ह्यांत हिंडतांना ते दाण्याचें लोणी व लिंबें यांवर राहत असत. पुढें आमांशाच्या दुखण्यानें ते अत्यंत क्षीण झाले व अखेर शेळीचें दूध घेण्यास त्यांनीं संमति दिली. त्या दुखण्याचें कारण दुधाचा अभाव होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दुधाची जागा भरून काढणारा वनस्पतिजन्य पदार्थ कोणास ठाऊक असेल तर कळवावा, अशी विनंति त्यांनीं पुढें आपल्या आत्मचरित्रांत केली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नुसत्या दाण्याच्या लोण्यानें ती जागा भरत नाहीं. आजच्या मनुष्यास ब-१२ ची गोळी उपलब्ध आहे. ती न घेतां केवळ 'बदाम दूध' किंवा 'काजू चीज' घेऊन निर्धास्त राहणें योग्य नव्हे. लहान मुलें, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनीं तर वैद्याच्या सल्ल्यावांचून दूध सोडूं नये. आणि दोन वर्षांच्या आंतील मुलाच्या अन्नांतील स्निग्धांश कोणीही कमी करूं नये.

घाणा, कारखाना व काळजी

घाण्याचें तेल तेवढें अमृत व कारखान्याचें तेवढें विष, असें म्हणण्याची हल्लीं चाल पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. मोठ्या कारखान्यांत हेक्झेन नांवाच्या द्रावकानें तेल काढतात, कॉस्टिक सोड्यानें त्यांतील अम्ल मारतात, विशिष्ट मातीनें रंग काढतात आणि निर्वात भांड्यांत दोनशें अंशांहून अधिक उष्णतेवर वाफ सोडून वास घालवितात. या क्रियांत सुगंध व ई जीवनसत्त्वाचा कांहीं भाग जातो. पण त्यांबरोबर कांहीं घाणही जाते. घाण्याच्या तेलांत मूळ स्वाद व गुण राहतात. तसेच बियांचे दोषही राहतात.

भुईमुगाच्या बाबतींत हा दोष गंभीर आहे. ओलसर शेंगांवर येणाऱ्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होतें, व तें यकृतास अत्यंत घातक आहे. बुरसटलेले दाणे घाण्यांत गेले तर त्यांतील कांहीं विष तेलांत उतरतें व पुष्कळसें पेंडींतून गुरांस जातें. तेथून तें दुधांतही येतें. म्हणून शेंगा काढल्याबरोबर चांगल्या वाळवाव्या, खुळखुळ वाजेपर्यंत पोत्यांत भरूं नयेत, जमिनीच्या ओलीवर थप्पी लावूं नये, आणि घाण्यास दाणे नेण्यापूर्वीं काळे, सुरकुतलेले व फुटके दाणे हातानें निवडून टाकावे. ते दाणे गुरांसही घालूं नयेत. तळणाचें तेल पुन्हां पुन्हां तापवूं नये, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

शेतकऱ्याचा हिशेब

आपल्या देशास लागणाऱ्या खाद्य तेलापैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतें, व त्यांत इंडोनेशिया आणि मलेशिया येथील पामतेलाचा वांटा मोठा आहे. म्हणजे शहरांतील जो गृहस्थ गाईचें तूप सोडून डब्यांतील लोणी घेतो, त्याचा पैसा बहुधा आमच्या तेलबियांस मिळत नाहीं. इकडे करडई, जवस, कारळें व तीळ यांचें क्षेत्र महाराष्ट्रांत आटत गेलें, व त्या जमिनींत सोयाबीनसारखीं पिकें आलीं.

स्वतःच्या घराचा हिशेब मात्र प्रत्येकास करतां येईल. पांच माणसांच्या घरीं माणशीं रोज २५ ग्रॅम तेल धरलें तर वर्षास सुमारें ४५ किलो तेल लागतें. शंभर किलो वाळलेल्या शेंगांपासून सुमारें सत्तर किलो दाणे, व त्यांपासून घाण्यावर पंचवीस ते तीस किलो तेल निघतें. अर्थात् पावणेदोन क्विंटलांच्या आसपास शेंगा घरासाठीं राखल्या कीं वर्षाचें तेल झालें. पीक बेताचें असलें तरी त्यास अर्ध्या एकराहून अधिक जमीन लागूं नये. पेंड गोठ्यास मिळते ती निराळीच. हरभऱ्यांत किंवा गव्हांत जवसाचे चार तास, ज्वारींत करडईचे पाटे व बांधाकडेस तीळ घालण्याची जुनी चाल पुन्हां धरल्यास चटणीपुरतें बी सहज होतें.

ज्यांजवळ विक्रीपुरता माल आहे त्यांनीं एकेकट्यानें घाणा घालण्याच्या भरीस पडूं नये. दहापांच गांवांनीं मिळून सहकारानें एक चांगला घाणा, दाणे निवडण्याची सोय व ओल मापण्याचें यंत्र ठेवावें, आणि तेलाच्या बुधलीबरोबर भाजलेल्या जवसाची पूड व न सडलेले तीळही विकावे. दूध न घेणाऱ्या शहरवासीयास याच मालाची खरी गरज आहे. आपला माल ब-१२ देतो किंवा दुधाची सर्व जागा भरतो, असें त्यास कधींही सांगूं नये. निवडलेलें बी, ताजें तेल व खरें बोलणें, एवढें सांभाळलें तर तें गिऱ्हाईक टिकेल. दूध-तूप घेणाऱ्या घरांसही आमची शिफारस तीच आहे : डबा आणण्यापूर्वीं आपल्या कणगींत काय आहे तें पाहावें.